पहिल्या आवृत्तीचे भूत

बायकोशी मी आयुष्यात एकदाच खोटे बोललो, आणि तेही एका पिशाच्चापायी.

१९७४ सालच्या नोव्हेंबरातली गोष्ट. लंडनच्या उत्तर भागात दोन खोल्यांच्या भाड्याच्या बिऱ्हाडात आम्ही राहत होतो. मी एका इंजिनियरिंग कंपनीत ड्राफ्ट्समन होतो. शनिवारी संध्याकाळी मी घरी परतलो तो ओव्हरकोटाच्या आत, अगदी छातीशी, एक पुस्तक धरून. सौ.ने दार उघडले, कोटाच्या फुगवट्याकडे पाहिले आणि विचारले, "किती दिले?"

"दीड पौंड," मी म्हणालो.

खरा आकडा माझ्या दोन आठवड्यांच्या पगाराएवढा होता. पुस्तकाचे नाव ‘ड्रॅक्युला’. लेखक ब्रॅम स्टोकर. पहिली आवृत्ती, १८९७.

आता कोणी म्हणेल, अहो, हा ‘ड्रॅक्युला’ तर स्टेशनावरच्या स्टॉलवरही मिळतो! शब्द तेच, पिशाच्च तेच, त्याचे सुळेही तेवढेच लांब. मग जुन्या प्रतीसाठी एवढा खटाटोप कशाला? हा प्रश्न गेली पन्नास वर्षे लोक मला विचारीत आले आहेत. परवा आमच्या नातवानेही विचारला. त्याला जे सांगितले तेच आज वाचकांना सांगतो.

या व्यसनाचे मूळ आमच्या आजोबांत आहे. सांगलीच्या आमच्या वाड्यात माळ्यावर एक पेटी होती आणि तिच्यात रेनॉल्ड्सच्या इंग्रजी कादंबऱ्यांची मराठी रूपांतरे होती. तळघरे, खून, बुरखे घातलेल्या बायका, मध्यरात्री वाजणारी घड्याळे! मागच्या पिढ्यांना या रेनॉल्ड्सने वेड लावले होते. खुद्द हरिभाऊ आपट्यांनी ‘मधली स्थिति’ (१८८५) लिहावयास घेतली तेव्हा रेनॉल्ड्सच्याच कथेचा धागा प्रथम हाती धरला होता. मी माळ्यावर बसून कंदिलाच्या उजेडात ती पुस्तके वाचली आणि रात्री परसाकडे जाताना आईला सोबत नेऊ लागलो. पुढे कळले की, रेनॉल्ड्स हा या वंशातला खापरपणतू. मूळ पुरुष त्याच्या ऐंशी वर्षे आधीचा, आणि घराण्याचे नाव ‘गॉथिक कादंबरी’.

१९६९ साली नोकरीनिमित्त लंडनला गेलो. तेथे एका सहकाऱ्याने मला फॅरिंग्डन रोडचा रस्ता दाखविला. या रस्त्याच्या कडेला जुन्या पुस्तकांचे हातगाडे लागत. जेफ्री घराण्याचा हा पिढीजात धंदा, तो १९९४ पर्यंत चालला. सकाळी गाड्यांवरची ताडपत्री निघाली की एरवी एकमेकांना "आधी आपण, आधी आपण" म्हणणारे सभ्य इंग्रज कोपराने एकमेकांना ढकलीत पुस्तकांवर तुटून पडत. आपल्याकडे नळाला पाणी आले की जे दृश्य दिसते तेच, फक्त डोक्यावर हॅट.

तेथे १९७२ साली मला पंचवीस पेन्सांत एक पुस्तक मिळाले. एक पुठ्ठा निखळलेला, पाठीचे चामडे भुगा होऊन हाताला लागत होते. आतले मुखपान मात्र स्वच्छ होते: ‘द मिस्टरीज ऑफ उडॉल्फो’, अ‍ॅन रॅडक्लिफ, लंडन, १७९४. आणि खाली: खंड तिसरा.

ही कादंबरी चार खंडांची. नायिका एमिली ही अनाथ मुलगी, तिला इटलीच्या डोंगरातल्या उडॉल्फोच्या किल्ल्यात आणून ठेवलेले. किल्ल्यातल्या एका दालनात भिंतीवर काळा पडदा आहे. एमिली धीर करून तो पडदा बाजूला सारते, आत पाहते आणि बेशुद्ध पडते! तिने काय पाहिले? लेखिका सांगत नाही. पडदा वर होतो दुसऱ्या खंडात, आणि पडद्याआड काय होते त्याचा उलगडा थेट चौथ्या खंडाच्या शेवटी. माझ्या वाट्याला आला होता तिसरा!

घरी आल्यावर सौ.ला ही सगळी हकिकत सांगितली. ती पोळ्या लाटीत होती. लाटणे थांबवून म्हणाली, "मग काय होतं पडद्याआड?"

"ते चौथ्या खंडात आहे," मी म्हणालो.

"म्हणजे मिळेपर्यंत मी अशीच बसू?"

त्या दिवसापासून मी संग्राहक झालो.

खंड असे फुटतात का, हेही कळून घेतले. त्या काळी कादंबरी विकत घेऊन वाचणे सामान्य माणसाला परवडत नसे. पुढे एकोणिसाव्या शतकात तर तीन खंडी कादंबरीची किंमत एकतीस शिलिंग सहा पेन्स अशी जणू ठरूनच गेली. म्हणून लोक वर्गणी भरून फिरत्या वाचनालयातून पुस्तके आणीत. एका कादंबरीचे तीन-चार खंड असले म्हणजे एकाच वेळी तीन-चार घरांत ती वाचता येई. धाकटीचा दुसरा खंड संपत नाही तोवर थोरली तिसऱ्यासाठी तळमळते आहे! लंडनच्या लेडनहॉल स्ट्रीटवर विल्यम लेन नावाचा गृहस्थ होता, त्याने ‘मिनर्व्हा प्रेस’ काढला. तो भयकथांचे रतीब घालणारा छापखानाही चालवी आणि वाचनालयही. त्याची पुस्तके हातोहात फिरली, मेणबत्त्यांखाली वाचली गेली, फाटली आणि संपली. गॉथिक कादंबऱ्यांच्या पहिल्या आवृत्त्या दुर्मिळ झाल्या त्याचे मोठे कारण हेच. धर्मोपदेशाचे जाड ग्रंथ दोनशे वर्षे कोरे करकरीत राहिले. ही बिचारी पुस्तके वाचून वाचून मेली.

किती मेली, याचा एक मासला पाहा. जेन ऑस्टिनच्या ‘नॉर्थँगर अ‍ॅबी’त एक मैत्रीण दुसरीला सात भयानक कादंबऱ्यांची यादी देते. ऑस्टिनने गॉथिकची थट्टा केलेली, तेव्हा ही नावेही तिने थट्टेने रचली असावीत, अशी पुष्कळांची समजूत होऊन बसली. कारण पुस्तके कोणाच्या डोळ्यांसमोरच नव्हती. मायकेल सॅडलिअर या पठ्ठ्याने ती शोधून काढली आणि १९२७ साली त्यांच्यावर निबंध प्रसिद्ध केला. सातही पुस्तके खरी होती, १७९३ ते १७९८ या वर्षांतली, आणि त्यांतली सहा आमच्या लेनसाहेबांच्या मिनर्व्हा प्रेसची! सॅडलिअरचा गॉथिक संग्रह पुढे अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठाला मिळाला. हा मनुष्य स्वतः कादंबरीकार आणि कॉन्स्टेबल या प्रकाशनसंस्थेत संचालक होता. म्हणजे ज्या घराने ‘ड्रॅक्युला’ प्रथम छापला, त्याच घरात या संग्राहकाने नोकरी केली. भुते आपली माणसे बरोबर ओळखतात.

शनिवारमागून शनिवार मी दुकाने धुंडाळू लागलो. खिसा हलका असल्यामुळे विकत घेण्यापेक्षा पाहणेच अधिक झाले. पण पाहता पाहता शिकलो. पहिली आवृत्ती ओळखणे हे नाडीपरीक्षेसारखे आहे. नुसते साल पाहून भागत नाही. ‘उडॉल्फो’ची दुसरी आवृत्तीही १७९४ सालचीच! मुखपान पाहावे, पाने मोजावीत, शेवटच्या जाहिरातींची पाने आहेत की नाहीत ते पाहावे, बांधणी मूळची की मागाहूनची ते पाहावे. जुन्या काळी पुस्तके साध्या कागदी पुठ्ठ्यांत विकली जात आणि श्रीमंत लोक ती नेऊन चामड्यात बांधून घेत. आज किंमत आहे ती त्या गरीब पुठ्ठ्याला. ‘फ्रँकेन्स्टाइन’ १ जानेवारी १८१८ रोजी तीन खंडांत निघाला, प्रती अवघ्या ५००. त्यांतली मूळच्या पुठ्ठ्यातली एक प्रत २०२१ साली न्यूयॉर्कमध्ये क्रिस्तीच्या लिलावात ११ लाख ७० हजार डॉलरांना गेली.

आणि चुका! या छंदात चुकांना सोन्याचा भाव असतो. ऑस्कर वाइल्डच्या ‘द पिक्चर ऑफ डोरियन ग्रे’च्या १८९१ च्या पहिल्या छपाईत २०८ व्या पानावर ‘अँड’ या शब्दातले पहिले अक्षर गळले आहे. गळलेले असेल तर प्रत अव्वल; कोणी सुधारले असेल तर दुय्यम. स्टीव्हन्सनचा ‘डॉ. जेकिल आणि मि. हाइड’ १८८५ च्या नाताळात यावयाचा होता, पण दुकाने नाताळच्या पुस्तकांनी आधीच भरलेली. प्रकाशकाने तो जानेवारीपर्यंत थांबविला. कव्हरावर १८८५ छापून झाले होते. तेव्हा शेवटच्या पाचाचा शाईने हाताने सहा केला. शिलिंगाचे ते कागदी कव्हराचे पुस्तक. आज तो शाईचा फटकारा पाहिला की संग्राहकाच्या अंगावर रोमांच येतात. दिवाळी अंकांच्या मुद्रितशोधकांनी यातून योग्य तो धीर घ्यावा.

पण हे सगळे व्यापाराचे ज्ञान झाले. नातवाच्या प्रश्नाचे उत्तर यात नाही. ते मला एका थंडीच्या दुपारी सापडले. एका प्रदर्शनात काचेच्या पेटीत या घराण्याची पुस्तके ओळीने, मुखपाने उघडून ठेवलेली होती. मी एका टोकाने पाहत निघालो आणि तिसऱ्या-चौथ्या पुस्तकापाशी थबकलो. लेखकांची नावे कोठे आहेत?

पहिला मान ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’चा. डिसेंबर १७६४ मध्ये निघालेले हे पुस्तक गॉथिक कादंबरीचे आदिपुस्तक. मुखपानावर साल १७६५. लेखक हॉरेस वॉल्पोल, पंतप्रधानांचा मुलगा. लंडनजवळ स्ट्रॉबेरी हिल येथे त्याने किल्ल्यासारखे घर बांधले होते. तेथे एका रात्री स्वप्नात त्याला जिन्याच्या कठड्यावर चिलखतातला एक प्रचंड हात दिसला आणि त्यातून ही गोष्ट निघाली. घरात स्वतःचा छापखाना असूनही हे पुस्तक त्याने तेथे छापले नाही. बाहेर छापले, प्रती ५००, आणि मुखपानावर लिहिले की, हे एका इटालियन धर्मगुरूच्या ग्रंथाचे विल्यम मार्शल नामक सद्गृहस्थाने केलेले भाषांतर आहे. गुरू खोटा, सद्गृहस्थही खोटा! लोकांना पुस्तक आवडले आहे असे दिसल्यावर १७६५ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याने लेखक आपण असल्याचे कबूल केले.

पुढे ‘द मंक’, १७९६. मुखपानावर लेखकाचे नाव नाही. मॅथ्यू लुइस तेव्हा वीस वर्षांचा होता. दुसऱ्या आवृत्तीवर त्याने ऐटीत नाव घातले, पुढे ‘पार्लमेंटचा सभासद’ असेही जोडले, आणि मग गहजब झाला. पार्लमेंटच्या सभासदाने असले अश्लील लिहावे? अखेर १७९८ च्या चौथ्या आवृत्तीत त्याला स्वतःच कात्री चालवावी लागली.

‘फ्रँकेन्स्टाइन’, नाव नाही. प्रस्तावना नवऱ्याने लिहून दिलेली. वॉल्टर स्कॉटसारख्या जाणत्यानेही ते शेलीचेच लेखन समजून परीक्षण लिहिले. लिहून पुरे झाले तेव्हा मेरी शेली एकोणीस वर्षांची होती. इंग्लंडात तिचे नाव पुस्तकावर आले ते १८२३ च्या दुसऱ्या आवृत्तीत.

आणि शेवटी ‘वदरिंग हाइट्स’. डिसेंबर १८४७, तीन खंड. त्यांतले दोन या कादंबरीचे आणि तिसरा धाकट्या बहिणीच्या ‘अ‍ॅग्नेस ग्रे’चा. छापण्यासाठी दोघी बहिणींनाच प्रकाशकाला पन्नास पौंड द्यावे लागले, आणि छपाई चुकांनी भरलेली. लेखकाचे नाव एलिस बेल. हा एलिस बेल म्हणजे यॉर्कशरच्या माळरानावरच्या पाद्र्याची मुलगी एमिली ब्राँटी. एका वर्षाने, १९ डिसेंबर १८४८ रोजी, ती तिसाव्या वर्षी क्षयाने गेली. तिचे खरे नाव जगाला सांगितले ते थोरल्या बहिणीने, १८५० साली. आपल्या पुस्तकावर आपले नाव एमिलीने उभ्या आयुष्यात पाहिले नाही.

मी त्या पेटीपुढे किती वेळ उभा होतो कोण जाणे. आजवर मला वाटत होते की, या पुस्तकांत भीती आहे ती वाचकाची. त्या दुपारी दिसले की, मुखपानावर दुसरीही एक भीती छापलेली आहे, ती लेखकाची. लोक हसतील काय? शिव्या देतील काय? बापाच्या नावाला बट्टा लागेल काय? गडद काळोखात गोष्ट ठेवून हे लोक पडद्याआड उभे राहिले आणि कान देऊन ऐकू लागले. दुसऱ्या आवृत्तीत पडदा दूर होतो. तेव्हा निकाल लागलेला असतो, लेखक पुढे येऊन नमस्कार करतो. तिसरी, दहावी, शंभरावी आवृत्ती ही कीर्तीची. पण ज्या क्षणी काहीच ठरलेले नव्हते, तो क्षण फक्त पहिल्या आवृत्तीत असतो. शब्द तेच असतात हे खरे. पण परीक्षेचा निकाल लागण्याआधीची रात्र आणि नंतरची रात्र, दोन्ही रात्रीच असल्या तरी एक कशा?

हे सुचल्यानंतर वर्षाच्या आतच एका लहानशा गावातल्या दुकानात मला ‘ड्रॅक्युला’ दिसला. पिवळे कापड, त्यावर लाल अक्षरे. १८९७ साली सहा शिलिंगांचे पुस्तक. स्टोकरने नाव लपविले नव्हते. तो हेन्री आयर्व्हिंग या नामांकित नटाच्या लायसियम थिएटरचा व्यवस्थापक; दिवसभर दुसऱ्याच्या नाटकाचे हिशेब पाहणारा माणूस. दिवसभर दुसऱ्यांची यंत्रे कागदावर उतरवून देणाऱ्या मला तो जवळचा वाटला. त्यानंतर काय झाले ते वर आलेच आहे: दोन आठवड्यांचा पगार आणि दीड पौंड.

त्या महिन्यात मी दुपारचे जेवण सोडले. सौ.ला सांगितले की, ऑफिसातले कँटीन महाग झाले आहे.

पिवळे कापड फार मळखाऊ. नुसता हात लागला तरी डाग. मी वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवणार, तर सौ. म्हणाली, "छे, शाई लागेल." तिने ट्रंकेतून एक धुवट मलमलीचा रुमाल काढला. तिच्या आईने लग्नात गुरुचरित्राची पोथी दिली होती, तिचे ते बासन. पोथीला तिने नवे कापड शिवले आणि जुन्यात ‘ड्रॅक्युला’ बांधला. एका फळीवर इकडे गुरुचरित्र, तिकडे ट्रान्सिल्व्हानियाचा रक्तपिपासू उमराव. "राहू द्या," ती म्हणाली, "शेजार चांगला असला म्हणजे तोही सुधारेल."

नऊ वर्षे तो तेथे सुखाने नांदला. १९८३ साली मुली मोठ्या झाल्या, दोन खोल्या पुरेनात. एक छोटे घर पाहिले. सुरुवातीला भरावयाच्या रकमेत थोडे कमी पडत होते. किती कमी, आणि ‘ड्रॅक्युला’चे किती येतील, हे दोन्ही आकडे मी तीन रात्री मनात मांडीत होतो. सौ. एका शब्दाने बोलली नाही. चौथ्या दिवशी मी पुस्तक लंडनच्या एका व्यापाऱ्याला विकले. कमी पडत होते त्यातले निम्मे निघाले. मलमलीचा रुमाल घडी करून परत आणला.

पुढे ‘ड्रॅक्युला’चे भाव चढतच गेले. लिलावाची यादी पाहून मी हळहळलो की सौ. म्हणे, "ज्या घरात बसून हळहळताय, ते कशावर उभं आहे?" यावर माझ्याजवळ उत्तर नसे. एकवीस वर्षे आम्ही त्या घरात राहिलो. मुलींची लग्ने तेथूनच झाली.

२००४ साली पुण्यास परत यावयाचे ठरले आणि सामानाची बांधाबांध सुरू झाली. गुरुचरित्राची पोथी उचलली तेव्हा पानांतून एक कागद खाली पडला. पावती होती. तारीख नोव्हेंबर १९७४, पुस्तकाचे नाव, आणि खाली पौंडांचा तो खरा आकडा!

माझ्या तोंडचे पाणी पळाले. सौ. वर्तमानपत्रात पेले गुंडाळीत होती.

"ही... कधी सापडली तुला?"

"दुसऱ्याच दिवशी. कोट झटकताना."

"मग तीस वर्षं बोलली कशी नाहीस?"

"काय बोलायचं? दुपारचं जेवण कोणी सोडलं होतं, ते का मला कळत नव्हतं?" तिने पेला पेटीत ठेवला. "आणि दीड पौंडाचं पुस्तक असतं, तर आईच्या पोथीचं बासन मी त्याला दिलं असतं होय?"

मी गप्प बसलो. तिसाव्या वर्षी का होईना, माझ्याही पडद्याआडचे कोणीतरी पाहून ठेवले होते, आणि तेही पहिल्याच दिवशी.

आज पुण्यात माझ्या टेबलावर पहिल्या आवृत्तीचे म्हणून एकच पुस्तक आहे: पंचवीस पेन्सांचा ‘उडॉल्फो’, खंड तिसरा. बाजारात त्याला फारशी किंमत नाही. मलमलीच्या त्या रुमालात आता ते बांधलेले असते. उरलेले तीन खंड मला मिळाले नाहीत, आणि या वयात मिळतील असे वाटत नाही.

पडद्याआडचा मजकूर कोणत्याही स्वस्त आवृत्तीत वाचता येतो. मी तो फार पूर्वीच वाचला आहे. पण सौ. अजूनही अधूनमधून, पोळ्या लाटता लाटता, विचारते, "अहो, काय होतं हो त्या पडद्याआड?"

"चौथा खंड मिळू दे," मी म्हणतो, "मग सांगतो."